पियानोवरचे आर्पेजिओ आणि कॉर्ड प्रोग्रेशन : हौशी वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या हौशी वादकांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. विचारणारे बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून वाजवतात. कुणी सातपूर-अंबडहून शिफ्ट संपवून येतं, कुणी निवृत्तीनंतर पहिल्यांदा कीबोर्डला हात लावतं. बऱ्याच जणांनी लहानपणी पेटी शिकलेली असते. मीही त्याच वाटेने पियानोकडे आले, म्हणून उत्तरांत सी-डी-ईच्या जोडीला सा-रे-ग येत राहील. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आर्पेजिओ म्हणजे नेमकं काय? कॉर्डपेक्षा तो वेगळा कसा?

तीन किंवा जास्त सूर एकदम दाबले की कॉर्ड. तेच सूर एकामागून एक वाजवले की आर्पेजिओ. सी मेजर कॉर्ड म्हणजे सी-ई-जी एका वेळी. सी मेजर आर्पेजिओ म्हणजे सी, ई, जी, वरचा सी, वरचा ई असं सप्तक ओलांडत चढायचं आणि तसंच उतरायचं. शब्द इटालियन आहे, हार्पच्या तारा छेडण्यावरून आलेला.

या दोहोंच्या मध्ये ब्रोकन कॉर्ड येतो. त्यात हात जागचा हलत नाही, बोटं तेवढी आळीपाळीने पडतात. डाव्या हाताने सी-जी-ई-जी असं फिरत राहणं हा त्याचा सर्वांत ओळखीचा प्रकार. अठराव्या शतकातला संगीतकार डोमेनिको अल्बर्टी याच्या नावावरून त्याला अल्बर्टी बास म्हणतात. कॉर्डच्या डाव्या बाजूला उभी नागमोडी रेघ दिसली, तर तो कॉर्ड खालून वर झर्रकन उलगडून वाजवायचा, एवढाच तिचा अर्थ.

२. मी पेटी शिकलोय. पांढरी एक, काळी चार ही भाषा मला कळते. सी-डी-ईशी तिचा मेळ कसा घालू?

पांढरी एक म्हणजे सी. तिथून क्रमाने: काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

फरक एवढाच की सी जागचा हलत नाही आणि सा कुठेही बसतो. हा फरक तुमच्या फायद्याचा आहे. मेजर कॉर्ड म्हणजे कुठल्याही पट्टीतला सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. पट्ट्या मोजायच्या तर काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून सापासून चार पुढे शुद्ध ग आणि तिथून तीन पुढे प. मायनरमध्ये आधी तीन, मग चार. बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्ड या एका मोजणीत आले. ज्याने काळी चारमध्ये सा धरून अलंकार घोटलेत, त्याला ए फ्लॅट मेजरची भीती वाटायचं कारण नाही, कारण ए फ्लॅट हे जी शार्पचंच दुसरं नाव, म्हणजे तो तोच सा आहे.

पेटीने जे शिकवलेलं नसतं ते डाव्या हाताचं काम. त्यासाठी प्रश्न ११ पहा.

३. घरात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. आर्पेजिओसाठी ८८ लागतातच का?

लागत नाहीत. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं. दोन्ही हातांनी दोन सप्तकांचा आर्पेजिओ त्यात आरामात मावतो आणि हौशी वादकाची पहिली दोन-तीन वर्षं त्यातच जातात. चार सप्तकांचा आर्पेजिओ दोन्ही हातांनी एका सप्तकाच्या अंतराने वाजवायचा झाला, तर सी मेजर अगदी काठोकाठ बसतो. डीपासून पुढचे बसत नाहीत.

पट्ट्यांच्या संख्येपेक्षा स्पर्शाची जाण महत्त्वाची. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात वाजणारा कीबोर्डच घ्या. माझा पहिला कीबोर्ड तसा नव्हता. दुकानात विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगितलंही कुणी नाही. दोन वर्षं सगळे सूर एकाच वजनाने वाजवल्यावर खऱ्या पियानोसमोर बसले, तेव्हा माझा अंगठा प्रत्येक वेळी हातोड्यासारखा पडत होता. ती सवय मोडायला आणखी एक वर्ष गेलं. दुकानात पट्टी अगदी हलकी दाबून, मग जोरात दाबून फरक ऐका आणि मगच पैसे द्या.

४. कोणतं बोट कुठे ठेवायचं? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात.

अंगठा १ आणि करंगळी ५, हे दोन्ही हातांना सारखंच. सी, एफ आणि जी मेजरसाठी उजव्या हाताला वर जाताना १-२-३-१-२-३-५. डाव्या हाताला ५-४-२-१-४-२-१.

डी, ई आणि ए मेजरमध्ये मधला सूर काळ्या पट्टीवर येतो. उजवा हात तोच राहतो, पण डाव्याला ५-३-२-१ सोयीचं पडतं, कारण तिसरं बोट लांब असतं आणि काळी पट्टी आत असते. व्हिडिओंतला गोंधळ बहुतेक इथलाच असतो: ३ की ४? डाव्या करंगळीपासून पुढच्या सुरापर्यंतचं अंतर हाताला विचारा. ताण न येता जे बोट पडतं ते घ्या, पण एकदा घेतलं की पेन्सिलीने लिहून ठेवा आणि बदलू नका. रोज वेगळं बोट पडणं हे चुकीच्या बोटापेक्षाही वाईट.

ए फ्लॅट आणि ई फ्लॅट मेजर काळ्या पट्टीवर सुरू होतात. तिथे उजव्या हाताला २-१-२-४ घ्या, म्हणजे अंगठा पांढऱ्या पट्टीवर पडतो. एफ शार्प मेजरमध्ये मात्र तिन्ही सूर काळेच. तिथे अंगठा काळ्यावर ठेवावाच लागतो आणि सी मेजरचीच बोटं चालतात.

५. अंगठा खालून घेताना दर वेळी धक्का ऐकू येतो. तो कसा घालवू?

स्केलमध्ये, म्हणजे सप्तकाचे सूर ओळीने वाजवताना, अंगठ्याला जवळच्या पट्टीवर जायचं असतं. आर्पेजिओत जीवरून थेट वरच्या सीवर, म्हणजे मधल्या पट्ट्या ओलांडून. अंगठा एवढा लांब वळवायला गेलं की कोपर बाहेर उडतं, मनगट मुरडतं आणि अंगठा आदळतो.

अंगठ्याला तिथवर नेण्याचं काम हाताचं आहे. पूर्ण बाहू उजवीकडे सरकत राहायला हवा, आणि अंगठ्याने सी सोडल्या क्षणीच पुढच्या सीकडे निघायला हवं. तिसरं बोट जीवर पडेपर्यंत तो थांबला तर उशीर झालाच. यासाठी दोनच सूर घ्या: जीवर तिसरं बोट, वरच्या सीवर अंगठा. जी-सी-जी-सी, पुन्हा पुन्हा, अगदी हळू. डोळे मिटा. दोन्ही सूर एकाच बोटाने वाजवल्यासारखे कानाला लागेपर्यंत पुढे जाऊ नका. मी हे आठवडाभर, रोज तीन-चार मिनिटं केलं होतं आणि जे वर्षभर सुटत नव्हतं ते सुटलं.

एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक-संगीतकार शोपाँ शिष्यांना पहिलं स्केल सी मेजर देत नसे, बी मेजर देई. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर, ही हाताची नैसर्गिक ठेवण. सी मेजरमध्ये अडखळत असाल तर डी किंवा ए मेजरचा आर्पेजिओ करून पहा. कित्येकांना तो सोपा जातो.

६. कामावरून घरी येईपर्यंत आठ वाजतात. रोज किती वेळ द्यावा?

वीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी तीन तास बसून सहा दिवसांची भरपाई होत नाही, कारण बोटांची सवय झोपेच्या आणि विश्रांतीच्या मधल्या काळात मुरते. पाच मिनिटं एकच आर्पेजिओ, दहा मिनिटं प्रश्न १० मधला सराव, उरलेली पाच मिनिटं मन मानेल ते. शेवटची पाच कापू नका.

७. मेट्रोनोम किती वेगावर लावू?

६० वर, म्हणजे मिनिटाला ६० टोले, एका टोल्याला एक सूर. हे स्वच्छ जमलं की त्याच ६० वर टोल्याला दोन सूर. त्यानंतर ४-४ ने वाढवा. एक आवर्तन चुकलं तर वेग दोन पायऱ्या खाली. तबल्याचं ॲप असेल तर केरवा लावा. आठ मात्रांच्या ठेक्यात समेवर येण्याची जी जबाबदारी वाटते, ती मेट्रोनोमच्या टकटकीत वाटत नाही.

८. कॉर्ड प्रोग्रेशन म्हणजे काय आणि सुरुवात कुठून करावी?

कॉर्ड ज्या क्रमाने येतात तो क्रम म्हणजे प्रोग्रेशन. स्केलच्या प्रत्येक सुरावर कॉर्ड उभा राहतो आणि त्याला त्या सुराचा क्रमांक मिळतो. सी मेजरमध्ये एक म्हणजे सी मेजर, दोन डी मायनर, तीन ई मायनर, चार एफ मेजर, पाच जी मेजर, सहा ए मायनर. सातवा डिमिनिश्ड, तो तूर्त बाजूला ठेवा.

क्रमांकांनी बोलायची सवय लावून घ्या. एक-सहा-चार-पाच म्हटलं की पट्टी बदलली तरी चाल तीच राहते. गाणाऱ्याने ऐन वेळी काळी दोन मागितली तरी तारांबळ होत नाही.

सुरुवातीला तीनच पुरेत: एक-चार-पाच-एक, एक-सहा-चार-पाच आणि दोन-पाच-एक. पाचावरून एकावर येताना घरी आल्यासारखं का वाटतं ते जी सेव्हन्थमध्ये (जी-बी-डी-एफ) नीट ऐकू येतं. त्यातला बी अर्धा सूर वर सीकडे ओढला जातो आणि एफ अर्धा सूर खाली ईकडे. शुद्ध नीला साची ओढ असते हे आपल्या कानाला नवीन नाही.

९. कॉर्ड बरोबर वाजवते, तरी सगळं तुटक वाटतं. काय चुकतंय?

प्रत्येक कॉर्ड त्याच्या पायाच्या सुरापासून धरत असाल. सी-ई-जी, मग उडी मारून ए-सी-ई, मग एफ-ए-सी, मग जी-बी-डी. सूर बरोबर, पण हात सारखा उड्या मारतोय आणि ऐकणाऱ्यालाही त्या उड्याच ऐकू येतात.

आता हे करून पहा. उजव्या हाताखाली सी-ई-जी धरा, १-३-५. अंगठा सीवर तसाच राहू द्या, ई तसाच राहू द्या (त्यावर आता दुसरं बोट घ्या), आणि फक्त करंगळी जीवरून एवर सरकवा. सी-ई-ए झालं, म्हणजेच ए मायनर. तिथून फक्त मधला सूर ईवरून एफवर न्या. सी-एफ-ए, म्हणजे एफ मेजर. आता तिन्ही बोटं थोडी खाली: बी-डी-जी, हा जी मेजर. चार कॉर्ड झाले आणि अंगठा सीवरून बीवर तेवढा सरकला.

कॉर्डचे सूर वर-खाली करून मांडण्याला इन्व्हर्जन म्हणतात आणि प्रत्येक सुराने जवळच्या जवळ जाण्याला व्हॉइस लीडिंग. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी इंदिरानगरच्या आमच्या मागच्या खोलीत तेच चार कॉर्ड अर्धा तास फिरवत बसले होते. जी ए झाला, ई एफ झाला, एवढंच घडत होतं, आणि तरी त्या एकेका सुराच्या हलण्याने खोलीतला रंग बदलत होता. हौशी वादकाने याचसाठी वेळ काढावा असं मला मनापासून वाटतं.

१०. आर्पेजिओ आणि प्रोग्रेशन वेगवेगळे घोटायचे की एकत्र?

एकत्र. माझं सगळं म्हणणं या एका उत्तरात आहे. सी मेजर आर्पेजिओ चार सप्तकं वर-खाली शंभरदा केला तर बोटं पळायला लागतात, पण त्या सुरांना कुठे जायचंय हे त्यांना कळत नाही. आर्पेजिओ म्हणजे काळात पसरलेला कॉर्ड. पुढचा कॉर्ड कोणता हे ठाऊक असेल तरच त्याला दिशा येते.

मी रोज करते तो पाठ असा. पांढरी एकचा सा, म्हणजे सी मेजर, एक-सहा-चार-पाच. प्रत्येक कॉर्डला आठ सूर, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन. एक कॉर्ड चढता, पुढचा उतरता:

चढता सी मेजर: सा ग प सा ग प सा ग
उतरता ए मायनर: सा ध ग सा ध ग सा ध
चढता एफ मेजर: सा म ध सा म ध सा म
उतरता जी मेजर: रे नी प रे नी प रे नी

पहिली ओळ मध्य सापासून सुरू होऊन अतितार गवर संपते. दुसरी तिथल्या सावरून उतरत मंद्र धवर येते. तिसरी पुन्हा मध्य सावरून चढते आणि चौथी मंद्र नीवर टेकते. आता पहिल्या ओळीचा सा वाजवा. नीवरून सा! आवर्तन आपोआप जोडलं जातं, कुठेही उडी नाही. डाव्या हाताने प्रत्येक ओळीच्या समेवर कॉर्डचा पायाचा सूर धरून ठेवा: सी, ए, एफ, जी.

अवघड जागा ओळींच्या सांध्यात असतात. सरावही तिथलाच करा: पहिल्या ओळीचे शेवटचे दोन सूर आणि दुसरीचे पहिले दोन, एवढेच चार. सांधे जमले की मधलं आपसूक जमतं. सीमध्ये बसलं की डी, मग जी, मग एफ. आठवड्याला एक पट्टी घेतली तर बारा पट्ट्यांना तीन महिने लागतात आणि तो वेग अगदी योग्य आहे.

११. डावा हात काहीच ऐकत नाही. पेटीच्या सवयीमुळे असेल का?

त्यामुळेच. पेटीवर डावा हात भाता मारतो, सूर सगळे उजव्याकडे. त्यामुळे पियानोवर डावा हात अक्षरशः पहिलीत बसलेला असतो. त्याला आधी एकट्याला शिकवा. आठवडाभर फक्त पायाचे सूर, पुढचा आठवडा पायाचा सूर आणि प (सी-जी, ए-ई, एफ-सी, जी-डी), त्याच्या पुढे सा-प-वरचा सा, करंगळी, दुसरं बोट आणि अंगठ्याने. ही सा-प-सा हालचाल भावगीताच्या साथीला पुष्कळदा पुरेशी असते.

दुसरी सवय सूर धरण्याची. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो, पियानोचा दाबल्या क्षणापासून विरत जातो. संथ गाण्यात आर्पेजिओ उपयोगी पडतो तो यामुळेच. विरणाऱ्या सुराच्या जागी नवा सूर येत राहतो.

१२. पेडल दाबलं की सगळं गढूळ होतं. न दाबलं तर कोरडं. मग करायचं काय?

पेडल कॉर्डबरोबर बदला, पण किंचित उशिरा. नव्या कॉर्डचा पहिला सूर वाजतो त्या क्षणी पाय वर, आणि बोट पट्टीवर असतानाच पाय पुन्हा खाली. दोन्ही एकदम खाली गेले तर जुना कॉर्ड नव्यात मिसळतो. आधी आर्पेजिओ पेडलशिवाय स्वच्छ करा. पेडलने धक्के झाकले जातात आणि मग ते कधीच जात नाहीत (प्रश्न ५).

१३. हात दुखतो. सवय होईपर्यंत सोसायचं का?

नाही. थकवा चालतो, दुखणं नाही. मनगटात किंवा कोपरापर्यंत कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा कारण बैठकीत असतं. टीपॉयवर किंवा पलंगावर कीबोर्ड ठेवून वाजवणारे बरेच आहेत. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा जरासं वर हवं. जानेवारीत नाशिकची सकाळ गारठलेली असते. तेव्हा आधी कोमट पाण्यात हात शेकून घ्या आणि पहिली पाच मिनिटं नुसते हळू कॉर्ड वाजवा. दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

१४. अपार्टमेंटमध्ये रात्री वाजवता येईल का? हेडफोन असूनही खालचे तक्रार करतात.

हेडफोनने सूर थांबतो, पट्ट्यांची धपधप थांबत नाही. ती स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून खालच्या छताला जाते. स्टँडच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे आणि त्याखाली दुहेरी सतरंजी घातली की बराच फरक पडतो. साडेदहानंतर मी आर्पेजिओ बंद करते आणि कॉर्ड कागदावर लिहिते. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी हेडफोनशिवाय स्वतःचं काही ऐकूच येत नाही. तेवढे दिवस पहाटेची वेळ धरा.

१५. आमच्याकडे जुना लाकडी पियानो आहे. पावसाळ्यात तो बेसूर का होतो?

आतला साउंडबोर्ड लाकडाचा असतो. जून ते सप्टेंबर हवेतली ओल शोषून तो फुगतो, तारांचा ताण वाढतो आणि सूर चढतो, मधल्या सप्तकांत जास्त. हिवाळ्यात आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट. म्हणून पहिल्या पावसाच्या तोंडावर ट्यूनिंग करून घेणं म्हणजे पैसे वाया. पाऊस ओसरून हवा स्थिरावली की करा. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि उंदीर-कसरीने आतला नमदा कुरतडलेला नाही ना, हे वर्षातून दोनदा झाकण उघडून बघा.

१६. माझं वय ५२ आहे. ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात का?

वयाची अट नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन्ही ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा इनिशियल आणि त्यानंतर आठ ग्रेड अशा असतात. पेटीच्या प्रारंभिक, प्रवेशिका दिलेल्यांना पायऱ्यांची ही पद्धत परकी वाटणार नाही. शिस्त लागावी म्हणून जरूर द्या. मात्र परीक्षेत ठरावीक आर्पेजिओ ठरावीक वेगाने मागतात. तेवढेच घोटत बसलात तर प्रश्न १० मधलं काम मागे पडेल.

१७. मायनरमध्ये पाचवा कॉर्ड मायनर की मेजर? पुस्तकात एक, गाण्यात दुसरंच.

दोन्ही असतात. ए मायनर घ्या, ए हा सा. त्यातल्या स्वाभाविक सुरांनी पाचवा कॉर्ड ई मायनर होतो: ई-जी-बी. त्यातला जी म्हणजे कोमल नी, आणि कोमल नीला साची ओढ कमी. म्हणून जी शार्प करून ई मेजर घेतात. तो शुद्ध नी झाला आणि ओढ परत आली.

निवड चालीवर सोपवा. त्या मात्रेला गायक कोमल नी घेत असेल आणि तुम्ही ई मेजर लावला, तर जी आणि जी शार्प एकमेकांना घासतील. तिथे ई मायनर घ्या, किंवा नुसतं ई-बी.

१८. डिमिनिश्ड सेव्हन्थचे बाराही आर्पेजिओ पाठ करावे लागतील का?

तीनच. या कॉर्डमध्ये शेजारच्या दोन सुरांतलं अंतर सगळीकडे सारखं, तीन पट्ट्यांचं असतं. त्यामुळे सीवरून सुरू केलेला, ई फ्लॅटवरचा, एफ शार्पवरचा आणि एवरचा हे चारही एकाच चार पट्ट्यांवर पडतात. बारा भागिले चार. ऑगमेंटेड कॉर्डमध्ये अंतर चार-चार पट्ट्यांचं, तिथे बारा भागिले तीन, म्हणजे चारच. जी सेव्हन्थसारखे डॉमिनंट सेव्हन्थ मात्र बाराही वेगळे. तिथे सूट नाही.

१९. रागावर आधारित गाण्याला कॉर्ड लावले की गाणं बिघडतं. लावूच नयेत का?

लावता येतात, पण रागाच्या सुरांतून कोणते कॉर्ड उभे राहतात ते आधी मोजा. भूपात सा रे ग प ध एवढेच सूर. त्यातून तीन सुरांचे पूर्ण कॉर्ड दोनच बनतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. आपण सवयीने एक-चार-पाच लावतो. चारमध्ये म येतो, पाचमध्ये नी, आणि भूपात दोन्ही वर्ज्य. गाणं बिघडतं ते तिथे.

यमनमध्येही चौथाच घात करतो. एफ मेजर लावला की शुद्ध म येतो आणि यमन गेला. त्याऐवजी रे-तीव्र म-ध, म्हणजे सी पट्टीत डी मेजर वाजवून पहा. यमनचा उजेड त्यात आहे.

मालकंस सर्वांत कठीण. प नसल्यामुळे साचा स्वतःचा कॉर्डच उभा राहत नाही. उभे राहतात ते कोमल ध-सा-कोमल ग आणि म-कोमल ध-सा. पहिला जास्त वेळ धरला तर कानाला कोमल धच सा वाटू लागतो. अशा वेळी कॉर्ड सोडा आणि सा-मचा आर्पेजिओ दोन-तीन सप्तकांत पसरवून तानपुऱ्यासारखा संथ फिरवा. दुर्गातही ग नसल्याने साचा कॉर्ड होत नाही. म-ध-सा आणि रे-म-ध होतात.

रागात मींड आणि आंदोलन असतं, ते पियानोला जमत नाही. गायक लांब मींड घेत असेल तेव्हा हात उचलून शांत राहणं हीच साथ.

२०. पेटी किंवा गायकाबरोबर वाजवताना माझे कॉर्ड खटकतात. कीबोर्ड तर बेसूर नाही ना?

कीबोर्ड बेसूर नाही, मोजमाप वेगळं आहे. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक १०० सेंटचा. शुद्ध ग त्यात ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यात ऐकू येणारा नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ वर असतो. म्हणजे पियानोचा गंधार १४ सेंट चढा. पक्का गायक तानपुऱ्याचा गंधार लावतो, आणि नेमका तोच सूर तुमच्या मेजर कॉर्डच्या मधोमध बसलेला असतो. ठरलेल्या सुरांचा आणि मींड न येण्याचा हा आक्षेप पेटीवरही होता. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती.

उपाय साधा. गायक गंधारावर ठहराव घेईल तिथे कॉर्डमधला ग गाळा आणि सा-प वाजवा. पेटीबरोबर बसताना आधी तिचा ए तुमच्या एशी जुळवून पहा. पियानोचा ए साधारण ४४० हर्ट्झवर असतो, जुनी पेटी थोडी वर-खाली असू शकते. डिजिटल पियानोत हे जुळवण्याची सोय असते. पेटी हलवता येत नाही, म्हणून तुम्हीच हला.

२१. ए-सी-ई-जी या चार पट्ट्यांना एकीकडे ए मायनर सेव्हन्थ म्हटलंय, दुसरीकडे सी सिक्स्थ. बरोबर कोणतं?

दोन्ही, आणि ठरवतो तो सर्वांत खालचा सूर. उजव्या हाताने या चार पट्ट्यांचा आर्पेजिओ संथ चालू ठेवा आणि डाव्या हाताने खालचा सी धरा. चार मात्रा ऐका. मग उजव्या हातात काहीही न बदलता डाव्या हाताने ए धरा. त्याच चार सुरांवर सावली पडल्यासारखं होईल. जिथे डावा हात सी मागतो तिथे सी सिक्स्थ लिहा, ए मागतो तिथे ए मायनर सेव्हन्थ. गाण्यात बास वाजवणारा दुसरा कुणी असेल तर नाव तो ठरवतो. त्याच्याकडे कान ठेवून आर्पेजिओ चालू ठेवा.